उत्तर दिल्यावर सुरू होणारा प्रश्न

"शाश्वत विकास म्हणजे काय? (५ गुण)"

इंजिनिअरिंगच्या परीक्षेत हा प्रश्न ज्याने सोडवला नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. उत्तरही ठरलेलं. १९८७ चा ब्रुंटलँड आयोग, पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं, खाली तीन वर्तुळांची आकृती (पर्यावरण, समाज, अर्थकारण) आणि तिन्ही वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात तिथे पेन्सिलीने केलेलं काळं. पाचपैकी चार. पुढचा प्रश्न.

त्या व्याख्येशी माझं भांडण नाही, व्याख्या चांगली आहे. पण तीन वर्तुळं काढता येणाऱ्या माणसाला शाश्वतता कळली असं म्हणणं म्हणजे 'पोहणे' या विषयावर निबंध लिहिणाऱ्याला विहिरीत ढकलण्यासारखं आहे.

आधी थोडा इतिहास. हा विषय आपल्याकडे कॉलेजात आला तो कोर्टामुळे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितलं की पर्यावरण हा विषय शिक्षणात सगळीकडे सक्तीचा करा. पुढे यूजीसीने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला आणि पुण्याच्या डॉ. एराक भरुचा यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. त्या अभ्यासक्रमात एकूण ५० तास होते. त्यातले ४५ वर्गात आणि शेवटचे ५ प्रत्यक्ष बाहेर जाऊन काम करण्यासाठी. आता हे शेवटचे पाच तास म्हणजे काय होतं ते वेगळं सांगायला नको. आमच्या वेळी 'पर्यावरण प्रकल्प' झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळायचा. नदीप्रदूषण, ध्वनिप्रदूषण, घनकचरा, जो हवा तो उचला. स्पायरल बाइंडिंगसकट. कागद वाचवा हा विषय सुद्धा चाळीस पानी मिळायचा :)

पण समजा ते पाच तास प्रामाणिकपणे झाले, तरी मूळ अडचण सुटत नाही असं मला वाटतं. परीक्षेतला प्रश्न आपण उत्तर दिलं की संपतो. शाश्वततेचा प्रश्न आपण उत्तर दिलं की सुरू होतो! तुम्ही काहीतरी उपाय केलात, मग त्या उपायाने परिस्थिती बदलली, माणसं वेगळी वागायला लागली, आणि आता तुमच्यासमोर नवाच प्रश्न आहे, जो बऱ्याचदा तुमच्याच उपायातून जन्माला आलाय. शाश्वत म्हणजे टिकणारं. टिकतं की नाही हे कळायला वेळ जाऊ द्यावा लागतो, आणि वेळ हीच एक गोष्ट आपल्या प्रश्नपत्रिकेत नसते.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे वेगळं समजवावं लागत नाही. कोड लाइव्ह गेला की टीम पार्टी करते आणि सपोर्टवाल्यांची खरी रात्र तिथून सुरू होते. सिस्टीम खरंच कशी चालते हे कोड लिहिणाऱ्यापेक्षा सपोर्टवाल्याला जास्त माहीत असतं, कारण वापरणारे लोक तिचं काय करतात हे तो रोज बघतो. आपण मुलांना शाश्वतता शिकवतो ती मात्र लाइव्ह जायच्या आदल्या दिवसापर्यंतचीच.

मग शिकवायचं कसं? यासाठी एक जुनी, चांगली वापरून झालेली पद्धत आहे. कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठाने १९६९ मध्ये डॉक्टर घडवायला सुरुवात केली तीच उलट्या बाजूने. आधी शरीरशास्त्राची पुस्तकं आणि मग पेशंट असं न करता आधी पेशंटची केस समोर ठेवायची. मुलांचा छोटा गट बसतो, काय माहीत आहे, काय शोधायला हवं याची यादी करतो, शोधून परत येतो. समस्येतून शिकणं. हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञाने ही पद्धत पुढे नावारूपाला आणली. डेन्मार्कचं आल्बोर्ग विद्यापीठ १९७४ मध्ये सुरू झालं ते समस्या आणि प्रकल्प यांच्यावरच. आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींनी मांडलेली नयी तालीम घ्या, किंवा डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला काढलेला विज्ञान आश्रम घ्या, हातात काम आधी आणि पुस्तक नंतर हाच क्रम.

मला या पद्धतीतली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती वेगळीच. चांगल्या केसमध्ये पेशंटची सगळी माहिती एकदम देत नाहीत. एक पान मिळतं. त्यावर तुम्ही काहीतरी ठरवता, मग दुसरं पान मिळतं. 'पेशंट घरी गेला, चार दिवसांनी परत आला, आता पायाला सूज आहे.' म्हणजे समस्या पुढे सरकते. शाश्वततेसाठी नेमकं हेच हवंय.

नुसतं तात्त्विक नको म्हणून एक केस करूनच बघू. पाण्याची. गाव मनातलं आहे, पण आकडे पर्जन्यछायेतल्या कुठल्याही गावात खपतील असे. सगळा हिशोब आपण टँकरमध्ये करू, कारण गंमत अशी की एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर दहा हजार लिटर पाणी होतं. म्हणजे एक मोठा टँकर.

पान पहिलं. गावाचं क्षेत्र १००० हेक्टर, लोक १५००, पाऊस वर्षाला ५०० मिमी. मार्च उजाडला की पिण्याच्या पाण्याचा टँकर येतो. का?

पोरं कॅल्क्युलेटर काढतात. आकाशातून पडतात ५ लाख टँकर. जलजीवन मिशनच्या हिशोबाने माणशी रोज ५५ लिटर धरले तर गावाला घरगुती वापराला वर्षभर लागतात ३ हजार टँकर. पाच लाख पडतात आणि तीन हजार लागतात! इथे वर्गात शांतता पसरली पाहिजे. "पाऊस कमी पडतो म्हणून टंचाई" हे जे आपण लहानपणापासून ऐकतो, ते एका गुणाकारात डळमळीत होतं. मग शोध सुरू. बरंचसं पाणी जमिनीतून आणि झाडापिकांतून हवेत परत जातं, काही ओढ्याने वाहून जातं, आणि आपल्या काळ्या पाषाणात खाली मुरतं ते साधारण दहा टक्के धरू. म्हणजे ५० हजार टँकर. तरी भरपूर. जातं कुठे? गावात २० हेक्टर ऊस आहे. पावसाखेरीज वरून पाटाने १५०० मिमी पाणी द्यावं लागतं असं धरलं तर हेक्टरी दीड हजार टँकर. म्हणजे पाच एकर ऊस पितो तेवढ्यात आख्ख्या गावाचं वर्षभराचं घरगुती पाणी भागतं. आणि वीस हेक्टर मिळून ३० हजार टँकर. उरलेल्यात कांदा, गहू, जनावरं, सगळं.

पान दुसरं. मुलं आता हुशारीने सांगतात, ठिबक करा. चांगला उपाय आहे, सरकार अनुदानही देतं. मान्य. दोन वर्षं गेली. सगळा ऊस ठिबकवर आहे, पाणी हेक्टरी एक तृतीयांश वाचतंय, आणि तरीही विहिरींची पातळी होती तिथेच आहे. उलट थोडी खालीच. का? कारण वाचलेल्या पाण्यावर लोकांनी ऊस वाढवला. २० चे ३० हेक्टर झाले. तीस गुणिले हजार, परत ३० हजार टँकर! शिवाय पूर्वी पाटाचं जास्तीचं पाणी थोडंफार मुरून परत विहिरीत यायचं, तेही आता येत नाही. इंग्लंडमध्ये जेव्हन्सने १८६५ मध्ये कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलंय. इंजिनं काटकसरी झाली की कोळसा वाचत नाही, इंजिनं वाढतात. हे पुस्तकात वाचलं तर एक परिच्छेद. स्वतःच्या उपायाने स्वतःला तोंडावर पाडलं तर जन्मभर लक्षात राहतं.

पान तिसरं. मग शेततळी करा, पावसाचं पाणी साठवा. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आपल्याकडे २०१६ मध्ये आलीच होती. पुन्हा मान्य. दोन वर्षं गेली. शेततळी झाली, प्लास्टिक अंथरलेली, काठोकाठ भरलेली. पण पावसाने नाही हो, ऑक्टोबरमध्ये मोटर लावून विहिरीतून भरलेली. जमिनीखालचं सगळ्यांचं पाणी उचलून उन्हात उघडं ठेवलं, आणि ते आता एकट्याचं झालं. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यातून उन्हाळा संपेपर्यंत मीटरभर पाणी उडालं तरी ८०-९० टँकर हवेत गेले. आणि तळं आधी कोणाचं झालं? ज्याच्याकडे आधीच जमीन, पैसा आणि मोटर आहे त्याचं. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी हे असंच झालेलं आहे, मी काही कल्पनेतून रचत नाहीये. मुलांच्या तीन वर्तुळांपैकी 'समाज' नावाचं वर्तुळ इथे पहिल्यांदा खरं होतं.

पान चौथं. यंदा पाऊस ३०० मिमी. आता ग्रामसभा भरवा. एक मूल टँकरच्या रांगेतली बाई होईल, एक कर्ज काढून बोअर मारलेला शेतकरी, एक ग्रामसेवक, एक साखर कारखान्याचा माणूस. लगेच एकजण म्हणणार, ऊसच बंद करा ना! मग उसाच्या शेतकऱ्याने उत्तर द्यायचं. उसाला केंद्र सरकारने ठरवलेला दर आहे, माल कारखाना घेतो. कांद्याला आज तीस रुपये आणि उद्या तीन. तूर लावली तर खरेदी कोण करणार? हा माणूस मूर्खही नाही आणि हावराही नाही, तुमच्या-आमच्यासारखा हिशोब करणारा आहे. वर्गातल्या अर्ध्या पोरांचा सूर इथे बदलेल अशी माझी पैज. 'जनजागृती केली पाहिजे' हे आपल्या प्रत्येक निबंधाचं शेवटचं वाक्य असतं ना, ते या ग्रामसभेत उच्चारून दाखवावं कोणीतरी.

याच पानावर लातूरची रेल्वे ठेवायची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं. पन्नास वाघिणींची गाडी, एका फेरीत २५ लाख लिटर. टीव्हीवर देशभर दिसली. आपल्या हिशोबात २५० टँकर. ऊस किती पिकतो एवढ्यात? सोळा-सतरा गुंठे. त्या गाडीची थट्टा करायची नाहीये, लोकांना पाणी हवंच होतं आणि ते पोचलं. पण आकडा शेजारी ठेवला की उपाय केवढा आणि रोग केवढा हे डोळ्यांना दिसतं.

चार पानं, चार आठवडे. यात भूगोल आला, अर्थशास्त्र आलं, गणित तर आलंच, कायदा आला (महाराष्ट्राचा भूजल कायदा २००९ चा आहे, तो पोरांना स्वतःच शोधून काढावा लागेल). शिक्षकाने व्याख्यान दिलं नाही, फक्त पुढचं पान दिलं. आणि पाचव्या पानाची जागा मुद्दाम मोकळी ठेवायची, कारण ते मुलांनी लिहायचं. तुमचा शेवटचा उपाय पाच वर्षांनी कुठे फसेल, ते तुम्हीच सांगा.

हे सगळं खोलीत बसून झालं म्हणून कोणाला खोटं वाटत असेल तर हिवरे बाजारकडे बघा. नगर जिल्ह्यातलं (आता अहिल्यानगर) हे गाव पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाल्यावर बदललं, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, हे सगळ्यांना माहीत आहे. बंधारे आणि झाडं याबद्दल सगळे बोलतात. मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते तिथलं पाण्याचं अंदाजपत्रक. पावसाळा संपला की किती पाऊस पडला ते बघायचं, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि मग उरलेल्यात यंदा कुठली पिकं घ्यायची ते ठरवायचं. शेतीसाठी बोअर नाही, उसासारख्या पाणी पिणाऱ्या पिकांना लगाम. म्हणजे त्या गावाने पाणीप्रश्न एकदाचा सोडवून टाकला असं झालेलंच नाही. तोच प्रश्न ते दरवर्षी नव्याने सोडवतात, नव्या आकड्यांनी. माझ्या मते शाश्वततेची याहून चांगली व्याख्या कुठल्याच आयोगाने केलेली नाही.

आता आक्षेप. मास्तर लोक म्हणतील, गुण कसे द्यायचे? उत्तर बरोबर की चूक हेच ठरत नाही. खरंय. पण गुण उत्तराला द्यायचेच नाहीत. प्रत्येक गटाने वही ठेवायची. दर आठवड्याला तीन ओळी. आम्ही काय धरून चाललो होतो, काय निघालं, आता काय बदललं. आमच्याकडे कोडमध्ये कोणी कधी काय बदललं आणि का, याचा इतिहास राहतो, त्यातलाच प्रकार. ही वही तपासायला पेपर तपासण्यापेक्षा जास्त वेळ लागत नाही, आणि ती झेरॉक्सच्या दुकानात मिळत नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर एआयकडून शाश्वत विकासाची व्याख्या दोन सेकंदांत मिळते. तुमच्या गटाने तिसऱ्या आठवड्यात मत का बदललं, हे लिहायला मात्र निदान मत तरी बदलावं लागतं.

दुसरा आक्षेप, साठ पोरांचा वर्ग आणि एक शिक्षक. हा आक्षेप खरा आहे आणि याला चुटकीसरशी उत्तर नाही. सहा-सहांचे दहा गट आणि पान एकच, इतपत जमू शकतं. पण शिक्षकाला 'मलाही माहीत नाही, शोधू या' म्हणायची मुभा आणि मोकळा वेळ हवा. अभ्यासक्रम संपवायच्या घाईत हे होत नाही. यूजीसीने २०२३ मध्ये पर्यावरण शिक्षणाचा नवा आराखडा दिलाय, चार क्रेडिटचा. आराखडे कागदावर चांगलेच असतात. क्रेडिट वाढले आणि पाठांतरही वाढलं, एवढंच होऊ नये म्हणजे झालं.

तिसरा आक्षेप माझा स्वतःचा, आणि तो सगळ्यात मोठा. पुण्या-मुंबईच्या एसी वर्गात बसून उसाच्या शेतकऱ्याला शहाणपण शिकवणं फार सोपं आहे. म्हणून शहरातल्या मुलांनी गावाच्या केसनंतर लगेच स्वतःच्या घराची केस केलीच पाहिजे. घ्या पान पहिलं. दोनशे फ्लॅटची सोसायटी, घरटी चार माणसं, माणशी १३५ लिटर. रोज एक लाख आठ हजार लिटर, म्हणजे अकरा टँकर. त्यातला तिसरा हिस्सा, साडेतीन टँकर, फक्त फ्लश होतो. बिल्डरने सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प बांधून दिलाय, फ्लशला तेच पाणी वापरायचं. पान दुसरं, प्रकल्प बंद आहे. का? वीजबिल कोण भरणार, चालवायला माणूस कोण ठेवणार, वास येतो म्हणून तळमजल्यावाल्यांची तक्रार, आणि टँकर तर फोन केला की येतो. तो कुठून येतो? कुठल्या तरी गावच्या विहिरीतून. आलं का लक्षात? फिरून आपण त्याच मोटरपाशी आलो, फक्त या वेळी पाणी उचलणारे आपण आहोत.

हा प्रकल्प कोणीतरी इंजिनिअरनेच डिझाइन केला होता. गणित बरोबर होतं, परवानगी मिळाली होती, उद्घाटनही झालं असेल. चूक कुठे झाली ते त्याला कधी कळलंच नाही, कारण तो परत आला नाही. आपली कॉलेजं दरवर्षी असेच हजारो इंजिनिअर तयार करतात, ज्यांनी चार वर्षांत एकदाही आपल्याच उत्तराचं पुढे काय झालं ते पाहिलेलं नसतं. पूल, धरणं, पाइपलाइनी आणि हो, सॉफ्टवेअरसुद्धा, सगळं त्यांच्या हातून होणार आहे. आयआयटी मुंबईच्या सितारा केंद्रासारख्या काही जागा आहेत, जिथे विद्यार्थी गावात जाऊन राहतात, मोजतात, लोकांशी बोलतात. पण अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या, आणि तिथे पोचणारी मुलं त्याहून थोडी. बाकीच्यांसाठी निदान दुसरं पान तरी असू द्या.

असो. फार लांबलं. तुमच्यापैकी कोणी शिकवत असेल तर एवढं एकच करून बघा. सगळं सत्र नको, एकच तास. तुमच्या गावाचा, नाहीतर सोसायटीचा पाण्याचा हिशोब टँकरमध्ये मांडा, मुलांना उपाय विचारा, आणि जो उपाय येईल त्याला छान म्हणून सांगा, "बरं, हे केलं. आता दोन वर्षं गेली."

पुढे काय होतं ते मला नक्की कळवा.